धानपट्ट्यात सारस पाहताना आणि त्याचे घरटे राखताना

महाराष्ट्रात सारस पाहायचा असेल तर गोंदिया जिल्हा गाठावा लागतो. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात तो क्वचित दिसतो आणि उर्वरित राज्यात त्याची नोंद होणे ही दुर्मीळ गोष्ट झाली आहे. वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या काठचा धानपट्टा, माजी मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांनी सिंचनासाठी बांधलेले तलाव) आणि शेतांतल्या बोड्या, म्हणजे लहान तळी, यांच्या आधाराने मोजकेच पक्षी येथे टिकून आहेत, आणि नदीपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याशीही त्यांची ये-जा असते. एवढ्या थोड्या पक्ष्यांच्या बाबतीत पाहणाऱ्याची उत्सुकताही त्यांना महागात पडू शकते, म्हणून पाहणे आणि राखणे ही दोन्ही कामे एकाच शिस्तीने करावीत.

ओळख फारशी अवघड नाही. सुमारे सहा फूट उंची, राखाडी अंग, पिसे नसलेले लाल डोके व मानेचा वरचा भाग, राखाडी टाळू आणि लालसर पाय एवढे दिसले की शंका उरत नाही. लांबून मात्र राखी बगळा किंवा टकला लहान क्षत्रबलाक पाहून नवखे लोक फसतात. बगळा उडताना मान दुमडून घेतो, सारस ती सरळ ताणून उडतो. आणि झाडावर बसलेला पक्षी सारस असूच शकत नाही, कारण त्याचे मागचे बोट लहान आणि वर चढलेले असल्याने त्याला फांदी धरता येत नाही. क्रौंच आणि कांड्या करकोचा हे त्याचे भाऊबंद हिवाळ्यातले पाहुणे आहेत. ऐन पावसाळ्यात धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, उभी दिसणारी उंच, लाल डोक्याची जोडी सारसाचीच समजावी.

उन्हाळ्यात पाणी आटते तसे पक्षी उरलेल्या तलावांवर आणि नदीपात्रात गोळा होतात, त्यामुळे परसवाडा किंवा झिलमिलीसारख्या तलावांवर पहाटे थांबणे त्या काळात अधिक फलदायी ठरते. रात्र उथळ पाण्यात काढून ते उजाडताच चरायला निघतात. म्हणून सूर्योदयापूर्वीच जागेवर पोहोचावे. पहिला सुगावा बहुधा कानाला लागतो. नर आणि मादी माना उंचावून एकापाठोपाठ एक साद घालतात, नर पंखही उचलतो, आणि तो कर्ण्यासारखा आवाज शिवारात दूरवर ऐकू येतो.

पावसाळ्यात जोड्या आपापल्या हद्दीत पांगतात. अशा वेळी गावोगाव गाडी फिरवण्यापेक्षा रोवणीवर (धानाच्या लावणीवर) असलेल्या माणसाला विचारावे. "भाऊ, सारसाची जोडी इकडं कुठं उतरते जी?" एवढा प्रश्न पुरतो, कोणती जोडी कोणत्या बोडीच्या अंगाला असते हे शेतकऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. विचारल्याशिवाय मात्र कोणाच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाय ठेवू नये.

घरटे म्हणजे उथळ पाण्यात रचलेला धानाच्या काड्यांचा, गवताचा आणि देवधानाचा (रानटी भाताचा) मोठा ढीग. भोवतालचीच काडी उपटून तो रचलेला असल्याने हिरव्या बांधीत मधेच एक पिवळट उंचवटा आणि त्याभोवती विरळ झालेले पीक दिसते. त्यात बहुधा दोन अंडी असतात आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. घरट्यापासून निदान शंभर मीटर लांब राहून दुर्बिणीने पाहावे. उबवणारा पक्षी मान उंच करून तुमच्याकडे टक लावू लागला, तर तो उठण्याची वाट न पाहता मागे सरावे, कारण पक्षी उठला की उघड्या अंड्यांवर कावळे आणि मोकाट कुत्री यांची नजर पडते. ड्रोन उडवू नये, आणि घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकणे तर सरळसरळ गुन्हेगारांना पत्ता देणे आहे.

शेतमालकाशी बोलणे हा या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. घरट्यासाठी उपटलेल्या धानाचे त्याचे नुकसान खरे असते, ते नाकारून संरक्षणाचे धडे देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे मागायचे ते एवढेच: घरट्याच्या आसपास कीटकनाशक फवारू नये, त्या बांधीचे पाणी पिल्ले बाहेर पडेपर्यंत एकदम सोडून देऊ नये आणि निंदणीची माणसे तेवढ्या तुकड्यापासून दूर ठेवावीत. पाणी ओसरले की घरट्यापर्यंत कुत्र्याला चालत जाता येते, हे कारण सांगितले की बहुतेकांना पटते. पिल्ले लवकरच चालू लागतात, पण उडायला त्यांना सुमारे तीन महिने लागतात; म्हणून कापणीच्या वेळीही ती धानात दबून बसलेली असू शकतात. यंत्राने कापणी होणार असेल तर आधी माणूस पाठवून शेत पाहून घ्यावे.

तलाव आणि चराईची शेते यांच्यामध्ये लोंबणाऱ्या वीजतारा असतील, तर त्या जागेचे छायाचित्र व खांबाचा क्रमांक वीज कंपनीला आणि वनविभागाला लेखी कळवावा. आठ फुटांच्या आसपास पंखविस्तार असलेल्या पक्ष्याला अंधुक उजेडात तार चुकवणे कठीण जाते. सारसांच्या घटत्या संख्येची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली असल्याने अशा अर्जात तिचा उल्लेख जरूर करावा. मृत किंवा जखमी पक्षी आढळल्यास त्याला हात न लावता वनरक्षकाला किंवा 1926 या क्रमांकावर कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत कुत्र्यांना दूर ठेवावे.

प्रत्येक दर्शनाची नोंद ठेवताना तारीख, वेळ, गाव, प्रौढ किती आणि पिल्ले किती एवढे लिहावे. यंदाच्या पिल्लाचे डोके लाल नसून पिवळट-तपकिरी पिसांनी झाकलेले असते. पक्षी कोणत्या दिशेने उडाले हेही लिहावे, कारण सकाळी नदीच्या या काठावर मोजलेली जोडी दुपारी पलीकडच्या काठावर पुन्हा मोजली जाऊ शकते.