आउट ऑफ प्रिंट मराठी पुस्तक हवंय? आधी लायब्ररीत विचारा

दुकानात मिळत नाही, प्रकाशक फोन उचलत नाही, ऑनलाइन कोणीतरी जुनी प्रत भलत्याच भावाला लावून बसलंय, की लगेच लोक पीडीएफ मागत सुटतात. अरे पण आपल्याकडे शंभरी ओलांडलेल्या लायब्रऱ्या केवढ्या आहेत, मराठी पुस्तक असेल तर कुठल्यातरी कपाटात ते असण्याचा चान्स चांगलाच असतो. फक्त नीट विचारता आलं पाहिजे.

आधी माहिती पक्की करा, म्हणजे पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक आणि जमलं तर पहिल्या आवृत्तीचं साल. पुस्तक १९५० पर्यंतचं असेल तर शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची आहे, म्हणजे छापलेल्या मराठी पुस्तकांची यादी, पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५०, मोठ्या लायब्ररीच्या संदर्भ विभागात नुसतं ‘दाते सूची’ म्हटलं तरी कळतं. टोपणनावंही बघून ठेवा. राम गणेश गडकऱ्यांची कविता गोविंदाग्रज नावाने आणि विनोद बाळकराम नावाने, मालतीबाई बेडेकर म्हणजेच विभावरी शिरूरकर, आणि नोंद कुठल्या नावाखाली केलीय हे ज्याने केली त्यालाच माहीत.

कॉम्प्युटरवर शोधणार असाल तर एक लक्षात ठेवा, १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम यायच्या आधीची पुस्तकं अनुस्वारांनी भरलेली असतात, नांव, कांहीं, घरांत वगैरे, त्यामुळे आजच्या स्पेलिंगने शोधलं की शून्य रिझल्ट. नुसतं आडनाव टाका किंवा नावातला एखादाच बिनअनुस्वाराचा शब्द. आणि तरी नाही दिसलं तर घरी जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर पूर्ण चढलेल्याच नाहीयेत. कार्डांचे ड्रॉवर असतील तर ते बघा, नाहीतर ग्रंथपालांना दाखल रजिस्टरमध्ये, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते त्या वहीत, बघायची विनंती करा. हे संध्याकाळी पुस्तक बदलायला गर्दी असते तेव्हा नाही हां, निवांत वेळी जाऊन, आणि तिथे वर्षानुवर्षं काम केलेलं कोणी असेल तर त्यांनाच गाठा. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं.

गावात नाही मिळालं तर जिल्ह्याच्या ठिकाणची जुनी वाचनालयं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. आधी फोन करा, पुस्तक आहे का, बाहेरच्या माणसाला बघायला मिळेल का, ओळखपत्र काय लागेल, सगळं तेव्हाच विचारून घ्या. १९५४ नंतरच्या पुस्तकासाठी मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पण आहे, कायद्याने प्रकाशकाला तिथे प्रत पाठवावीच लागते, आता सगळेच पाठवतात असं नाही म्हणा.

दुर्मिळ पुस्तक घरी मिळेल ही आशा सोडा, अनामत भरतो म्हणालात तरी बहुतेक नाहीच देत आणि ते बरोबरच आहे, पानं हातात तुटतात. तिथेच बसून वाचायचं. झेरॉक्सला पुस्तक उलटं दाबावं लागतं म्हणून नकार येतो, अशा वेळी मोबाइलने फोटो काढू का विचारा, विचारल्याशिवाय काढू नका. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर कॉपीराइट साधारणपणे संपलेला असतो, तेही सांगून बघा.

तुम्ही पुण्यामुंबईपासून लांब किंवा परदेशात असाल तर इंटरनेट आर्काइव्ह या फुकट वेबसाइटवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची स्कॅन केलेली बरीच मराठी पुस्तकं आहेत, पण नावं रोमन लिपीत आणि तीही वाट्टेल तशी टाकलेली, त्यामुळे चार-पाच स्पेलिंग फिरवून बघावी लागतात. आणि हवी ती कथा पुस्तकात आलीच नसेल तर लायब्ररीत मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे बांधीव खंड आहेत का विचारा, ते बऱ्याचदा पुस्तकांच्या यादीत नसतातच.