सोलापूरहून एकट्याने विमानप्रवास: दिव्यांग प्रवाशांनी या चुका टाळा

९ जून २०२५ला सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं आणि विमानासाठी दर वेळी पुणे नाहीतर हैदराबाद गाठायची सक्ती सुटली. टर्मिनल छोटं आहे, आत चालणं फारसं नाही. अडचण दारापाशी येते. इथे एरोब्रिज, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारात नेणारा बंद पूल, नाही. धावपट्टीच्या बाजूला मोकळ्यावर उभ्या असलेल्या विमानापर्यंत जायचं आणि तिथून वर चढायचं. एकट्या दिव्यांग प्रवाशाच्या बहुतेक फजित्या त्या चार-सहा पायऱ्यांपाशी होतात, आणि त्यांचं मूळ तिकीट काढताना झालेल्या चुकीत असतं.

नुसतं ‘व्हीलचेअर पाहिजे’ म्हणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. विमान कंपन्या व्हीलचेअरची मागणी तीन प्रकारांत नोंदवतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण विमानात शिरल्यावर सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, थेट सीटवर नेऊन बसवावं लागतं.

तुम्ही नुसतं ‘व्हीलचेअर’ म्हणालात की समोरचा बहुतेक वेळा पहिला प्रकार टाकून मोकळा होतो. मोठ्या विमानतळावर एरोब्रिज मिळाला तर ही चूक झाकली जाते. सोलापुरात ती पायऱ्यांखाली उघडी पडते. कर्मचाऱ्यांच्या कागदावर तुम्ही चढू शकणारे प्रवासी असता. त्यामुळे रॅम्प, लिफ्टची गाडी किंवा सीटच्या रांगांमधून जाणारी अरुंद केबिन चेअर यांपैकी काहीच तयार नसतं. मग चार माणसं दंडाला धरून उचलायला पुढे येतात. खांदा निखळण्याची, पाय पायरीवर आपटण्याची भीती तिथेच असते.

तिकीट काढतानाच, निदान उड्डाणाच्या ४८ तास आधी, कंपनीला फोन करा आणि वाक्य असं ठेवा: “मला एकही पायरी चढता येत नाही. विमानात चढवायला तुमच्याकडे रॅम्प आहे की लिफ्ट? केबिन चेअर आहे का?” उत्तर ईमेलवर मागवा. तिकिटावर बरोबर प्रकार छापलाय का, ते वाचून घ्या. आदल्या दिवशी पुन्हा फोन करा, कारण तारीख किंवा विमान बदललं की ही नोंद गळून पडू शकते. सोलापूरचं वेळापत्रक अधूनमधून बदलतं, म्हणून हा दुसरा फोन टाळू नका.

उचलून न्यायची वेळ आलीच तर हुकूम तुमचा चालला पाहिजे. “दादा, आधी ब्रेक लावा. छातीचा, मांडीचा आणि पायांचा पट्टा बांधा. मग उचला.” लाजू नका. तुमचं शरीर कसं हलवायचं हे तुमच्याइतकं तिथे कुणालाच माहीत नसतं.

सवयीने पुढची सीट मागणं

गोव्याच्या फेरीला एटीआर ७२ जातीचं, पंख्यांचं विमान असतं. त्यात प्रवाशांचं दार मागच्या बाजूला आहे. पुढची सीट घेतली की अख्खी अरुंद वाट पार करावी लागते. शिवाय पुढच्या टोकाला आपत्कालीन दारं असतात आणि दारालगतच्या सीटवर दिव्यांग प्रवाशाला बसू देत नाहीत. म्हणून एटीआरमध्ये मागची सीट मागा. जेट विमान असेल तर चढण्याचं दार पुढे असतं, तेव्हा पुढची घ्या. विमान कुठलं आहे हे त्याच फोनवर विचारता येतं.

विनाकारण डॉक्टरचा दाखला

पोलिओ, पाय कापलेला असणं, अंधत्व, जुनी मणक्याची इजा अशा स्थिर अपंगत्वासाठी तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला लागत नाही. नुकतंच ऑपरेशन झालं असेल, प्रवासात ऑक्सिजन किंवा स्ट्रेचर लागणार असेल, तर लागतो. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, नियमांप्रमाणे केवळ अपंगत्वामुळे प्रवास नाकारता येत नाही. टर्मिनलपासून विमानापर्यंत आणि उतरल्यावर बाहेरच्या दारापर्यंतच्या मदतीचे पैसेही घेता येत नाहीत. काउंटरवर कुणी दाखला मागितला तर शांतपणे हा नियम सांगा आणि ड्युटी मॅनेजरला बोलवा. ओळखीसाठी यूडीआयडी कार्डासोबत (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधारही ठेवा.

स्वतःची खुर्ची तशीच सोपवणं

साधी घडीची खुर्ची असेल तर ती विमानाच्या पायथ्यापर्यंत वापरू द्या म्हणून सांगा आणि उतरल्यावर तिथेच परत मागा. नाहीतर ती सामानाच्या पट्ट्यावर जाते आणि तुम्ही परक्या खुर्चीत अडकता. गादी, पायटे, बाजूचे हात, सुटणारं ते सगळं काढून केबिनमध्ये न्या. सुट्टे भाग हमखास हरवतात. इलेक्ट्रिक खुर्चीची जॉयस्टिक जाड सोलापुरी टॉवेलात गुंडाळून बांधा. खुर्चीचे चारही बाजूंनी फोटो काढा. घडी केल्यावरची लांबी, रुंदी, उंची आणि वजन आधीच कळवा, कारण लहान विमानाच्या सामानाच्या दारातून प्रत्येक खुर्ची जात नाही.

बॅटरीवरून परत पाठवलेले प्रवासी पुष्कळ. लिथियम बॅटरी काढता येण्यासारखी असेल तर ती काढून हातातल्या सामानात न्यावी लागते आणि तिची मर्यादा ३०० वॅट-तास आहे. हिशोब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. २४ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी २४० वॅट-तासांची, म्हणजे चालते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची ३६० होते, अडते. टोकांवर चिकटपट्टी लावा. आकडे पुसट झाले असतील तर माहितीपुस्तिकेचं ते पान सोबत ठेवा.

सुरक्षा तपासणीत गप्प बसणं

कृत्रिम पाय, कॅलिपर (पायाला बांधायचा धातूचा आधार), शरीरातली सळई किंवा लघवीची पिशवी यांची माहिती यंत्र वाजण्याआधी द्या. उठून उभं राहता येत नसेल तर तेही आधीच सांगा. पडद्याआड, तुमच्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याकडून तपासणी मागता येते. लघवीची पिशवी रांगेत शिरण्याआधी रिकामी करा, आणि विमानात बसण्याआधी टॉयलेट उरकाच. एटीआरचं टॉयलेट इतकं अरुंद असतं की आत कुणाला मदतीला घेणं जमत नाही.

बहिऱ्या प्रवाशाने गेटवरच्या कर्मचाऱ्याला एक चिठ्ठी द्यावी: “मला घोषणा ऐकू येत नाही, बोर्डिंग सुरू झालं की हात दाखवा.” आणि नजरेसमोर बसावं. अंध प्रवाशाने आपण कुठे बसलोय हे सांगून, मदतनिसाचं नाव विचारून घ्यावं. एकदा बसवून गेलेला माणूस परत येतोच असं धरून चालू नये.

उतरण्याची बाजू विसरणं

चढताना मिळालेली मदत उतरताना आपोआप मिळत नाही. उतरण्याच्या अर्धा तास आधी कर्मचाऱ्याला सांगा: “ताई, खाली केबिन चेअर आणि माझी खुर्ची आली का, ते विचारून घ्या.” खुर्ची दाराशी येईपर्यंत सीट सोडू नका. मुंबईत विमान बदलणार असाल आणि पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर टर्मिनल १ आणि २ मधलं अंतर बाहेरच्या रस्त्याने जावं लागतं. तिथली मदत वेगळी नोंदवा आणि मध्ये तीन तास तरी ठेवा.

खुर्ची हातात आली की चाकं, ब्रेक, जॉयस्टिक लगेच तपासा. काही मोडलं असेल तर विमानतळ सोडण्याआधीच नुकसानीचा अहवाल, म्हणजे पीआयआर, लिहून घ्या आणि त्याला निघतानाचे फोटो जोडा. नंतरची तक्रार एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर करता येते, पण तिथेही पहिला प्रश्न पीआयआर क्रमांकाचाच येतो.