ओपन सोर्समध्ये पहिलं काम करताना या चुका टाळा

कोल्हापुरातली इंजिनिअरिंगची मुलं-मुली ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात, उतरतात, याचा आनंद आहे. पण रीडमीतला (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमधला) एखादा शब्द इकडचा तिकडे करून पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या, अशी विनंती) पाठवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या दर ऑक्टोबरमधल्या उपक्रमात) अशा पोकळ रिक्वेस्टचा इतका पूर आला, की उपक्रम चालू असतानाच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिलाय, तिथलंच काम मोजायचं. प्रकल्प सांभाळणारे बरेचदा नोकरी करून रात्री हे तपासतात.

प्रकल्पात नोंदवलेल्या चुकीखाली 'सर, मला असाइन करा' (हे काम मला द्या) एवढंच लिहिलं की उत्तर येत नाही. ती चूक तुमच्या मशीनवर घडवून बघा. कोणती आवृत्ती, कोणत्या पायऱ्या, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, हे लिहा. आठवडाभर थांबा, मग एकदाच आठवण करा.

मराठीची चूक कळवताना तर जास्तच नेमकं लिहावं लागतं, कारण वाचणाऱ्याला मराठी येत नसते. समजा, 'गगनबावड्याच्या दऱ्या' लिहिलं आणि पडद्यावर 'दर्या' उमटलं. दरीचा समुद्र झाला! लगेच बग (सॉफ्टवेअरमधला दोष) नोंदवू नका. बॅकस्पेसने काना, य, हलन्त असं एकेक पुसत या. उरलेल्या र खाली टिंब नसेल, तर साधा र टाइप झालाय. दोष सॉफ्टवेअरचा नाही. टिंबवाला ऱ (युनिकोड क्रमांक यू+०९३१) असूनही रफार दिसत असेल, तर फाँट बदलून बघा. एकाच फाँटमध्ये बिघडत असेल तर तक्रार फाँटच्या प्रकल्पाकडे, एकाच ॲपमध्ये सगळ्या फाँटांत बिघडत असेल तर ॲपकडे. स्क्रीनशॉटसोबत तो शब्द टाइप करूनही द्या, चित्रातून तो अचूक कॉपी होईलच असं नाही.

गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात) नेहमी होणारा घोळ म्हणजे वेगळी ब्रँच (कामाची स्वतंत्र शाखा) न काढता थेट मेन ब्रँचवर काम. दुसरं काम सुरू केलं की त्याचे कमिटही (नोंदवलेले बदलही) पहिल्याच रिक्वेस्टमध्ये घुसतात. झालंच असेल तर अपस्ट्रीम (मूळ प्रकल्प) फेच करा, म्हणजे त्यातले ताजे बदल आणा, अपस्ट्रीमच्या मेनवरून नवी ब्रँच काढा, हवे तेवढेच कमिट चेरी-पिक करा (निवडून तिथे आणा). कमिटच्या संदेशात 'साइन्ड-ऑफ-बाय' ही सहीची ओळ नाही म्हणून तपासणी अडली, तर नवी रिक्वेस्ट उघडू नका. शेवटचा कमिट ॲमेंड करताना (दुरुस्त करताना) '-s' (लहान एस) द्या आणि फोर्स-विथ-लीजने (दुसऱ्याचं काम न पुसता जुन्या कमिटच्या जागी नवा टाकणाऱ्या पर्यायाने) पुश करा.

लायसन्सची (वापराच्या परवानगीची) फाइल नसलेला कोड उचलू नका. उघड्यावर ठेवलाय म्हणजे वापरायची परवानगी आहे, असं नाही. स्वतःचा प्रकल्प टाकताना ती फाइल पहिल्याच कमिटमध्ये घाला.