ॲमस्टरडॅम-ॲमस्टेलवीनला नवीन आलात? सायकल काढण्याआधी एवढं वाचा

नेदरलँड्समध्ये घर मिळालं, बीएसएन नंबर, म्हणजे इथला नागरिक क्रमांक, आला, मुलांची शाळा ठरली, की पुढचा प्रश्न सायकलचा. पुण्या-नाशकात सायकल चालवलेल्या माणसाला वाटतं, इथले गुळगुळीत लाल रस्ते बघता आपल्याला शिकायचं काय आहे? शिकायचं आहे, आणि ते पहिल्याच आठवड्यात शिकलेलं बरं. आपल्याकडे चौकात प्रत्येकजण समोरच्याचा अंदाज घेतो, जरा थांबतो, जरा घुसतो आणि वाट निघते. इथला सायकलवाला तुम्हाला नियम ठाऊक आहे असं धरून चालतो आणि वेग कमी न करता येतो. तुम्ही सौजन्य म्हणून मध्येच थांबलात तर मागचा तुमच्यावर आदळतो. म्हणून आधी अग्रक्रम पाठ करा, मग सायकल घ्या.

रस्ता उजव्या बाजूचा. चौकात पहिली नजर डावीकडे जाते, कारण जवळच्या लेनमधली गाडी तिकडून येते. पण ज्या चौकात सिग्नल, पाटी किंवा पट्टे काहीच नाहीत, तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. १ मे २००१ पासून हा नियम सायकललाही तितकाच लागू आहे. म्हणजे तुमच्या उजवीकडच्या गल्लीतून शाळकरी मुलगी सायकलवर आली तर तिला आधी जाऊ द्यायचं, आणि तुम्ही उजवीकडून येत असाल तर मोटारवाल्यानं तुमच्यासाठी थांबायचं. ट्राम मात्र अशा चौकात कुठूनही आली तरी तिचाच हक्क. ॲमस्टेलवीनच्या वस्तीतल्या छोट्या चौकांत असे बिनपाटीचे चौक पदोपदी भेटतात, आणि नवखी माणसं नेमकी तिथंच चुकतात, कारण रस्ता शांत असतो.

जमिनीवर पांढऱ्या त्रिकोणांची रांग दिसेल. त्यांना इथं ‘हायतांडन’ म्हणतात, शार्कचे दात. त्रिकोणांची टोकं तुमच्याकडे असतील तर थांबून वाट द्यायची; टोकं समोरच्याकडे असतील तर वाट तुमची, सरळ निघा. तिसरा नियम: एकाच रस्त्यावर सरळ जाणारा वळणाऱ्याच्या आधी जातो. तुम्ही सायकल ट्रॅकवरून सरळ जाताय आणि शेजारची मोटार उजवीकडे वळतेय, तर तिनं थांबायचं. डावीकडे वळताना हेच तुमच्यावर उलटतं: समोरून सरळ येणाऱ्या सगळ्यांना आधी जाऊ द्या.

वळण्याआधी मागे बघायचं, मग हात आडवा धरायचा, मग वळायचं. हा क्रम उलटू नका. मोठ्या चौकात डावीकडे जायचं तर मोटारींच्या मधून तिरकं कापू नका. सायकलच्या सिग्नलवर सरळ पलीकडे जा, तिथल्या सिग्नलला थांबा, मग दुसऱ्यांदा पार करा. सिग्नलच्या खांबावर बटण असतं. ते दाबलं नाही तर काही ठिकाणी हिरवा येतच नाही. झेब्रावर पायी माणूस दिसला तर सायकलनंही थांबायचं. बरेच स्थानिक लोक थांबत नाहीत. त्यांचं बघून तुम्ही शिकू नका.

पाट्यांपैकी दोन-तीन ओळखल्या तरी काम भागतं. गोल निळ्या पाटीवर पांढरी सायकल असेल तर त्याच ट्रॅकवरून जाणं बंधनकारक. एकेरी वाहतुकीच्या पाटीखाली ‘उइतखेझोंडर्ड’, म्हणजे ‘वगळून’, असा शब्द आणि सायकलचं चित्र असेल तर सायकलला उलट दिशेनंही मुभा. ती खालची छोटी पाटी नसेल तर उलट जायचं नाही, गल्ली कितीही रिकामी असो.

आता ट्रामचे रूळ. ॲमस्टरडॅममध्ये नवखा माणूस पडला म्हणजे संशय आधी रुळांवर जातो. साध्या सायकलचा टायर ३७ मिलिमीटर रुंद असतो आणि रुळाची खाच साधारण तेवढीच. रुळाला समांतर जाताना पुढचं चाक खाचेत उतरलं की हँडल फिरत नाही आणि माणूस थेट आडवा होतो. रूळ ओलांडताना शक्य तितका काटकोन साधा. त्यासाठी आधी थोडं रुंद वळण घ्यावं लागतं, आणि म्हणूनच मागे बघणं आलं. पावसात रुळावर ब्रेक दाबू नका, हँडलही वळवू नका. ओलं लोखंड साबणासारखं निसटतं. समोर उभ्या मोटारीला चुकवण्यासाठी अचानक रुळात शिरणं ही सगळ्यात वाईट सवय.

ट्रकच्या बाबतीत एकच गोष्ट ध्यानात ठेवा: सिग्नलला ट्रकच्या उजव्या कुशीत उभं राहायचं नाही. चालकाला ती जागा दिसत नाही, आणि तो उजवीकडे वळला की मागची चाकं आतून कापत येतात. एक तर चांगले तीन मीटर मागे राहा, नाहीतर चालकाला सरळ दिसाल इतके पुढे जा. उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना दार उघडण्याइतकं, म्हणजे मीटरभर, अंतर ठेवा.

सायकल घ्यायची कुठून? रस्त्यात कुणी वीस युरोला सायकल देऊ केली तर हात लावू नका. ती बहुधा चोरीची असते, आणि किंमत बघून शंका यायला हवी होती तरी घेतली, तर घेणाराही इथं गुन्हेगार ठरतो. जुनी चांगली सायकल हवी तर गल्लीतल्या ‘फीट्सनमाकर’कडे, म्हणजे सायकल दुरुस्तीवाल्याकडे, दीडशे ते अडीचशे युरोत मिळते, पावती आणि काही महिन्यांची हमीही मिळते. खासगी माणसाकडून घेणार असाल तर फ्रेमवरचा नंबर पोलिसांच्या ‘स्टॉप हेलिंग’ ॲपवर तपासा. नंबर खरवडलेला असेल तर नमस्कार करून निघा.

बघताना या गोष्टी बघा. पायडलचा दांडा धरून आडवा हलवा. खडखडला तर ॲक्सल गेलाय. चाक उचलून फिरवा; लडबडलं तर स्पोक सैल आहेत. टायरच्या कडेला चिरा असतील तर नवीन टायर आणि मजुरी धरूनच भाव करा. उंचीकडे लक्ष द्या, कारण डच फ्रेम उंच असतात. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला ४९-५० सेंटिमीटरची फ्रेम पुरते, आणि दुकानदार समोर ५७ ची आणून ठेवतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवल्यावर पाय सरळ व्हायला हवा आणि थांबताना चवडे जमिनीला टेकायला हवेत.

जुन्या धाटणीच्या सायकलींना पायडल मागे दाबून लागणारा ब्रेक असतो. भारतातून आलेल्याला तो विचित्र वाटतो: पायडल उलटं फिरवून पाय नीट ठेवता येत नाही, त्यामुळे सुटताना सायकल थोडी पुढे ढकलून पायडल वर आणावं लागतं. मुख्य धोका असा की चेन पडली की हा ब्रेकही गेला. म्हणून हँडलला निदान पुढचा एक ब्रेक असलेलीच सायकल घ्या. हवेचा व्हॉल्व्ह बहुतेक सायकलींना आपल्याकडच्या काळ्या सायकलींसारखाच असतो. फक्त नव्या प्रकारात आतली रबरी नळी नसते, त्यामुळे हवा भरायला कमी जोर लागतो. ३७ च्या टायरला साधारण चार बार हवा ठेवा, पण टायरच्या कडेला लिहिलेला आकडा अंतिम. हवा कमी असली की फुटपाथच्या कडेवर ट्यूब चेपून पंक्चर होते. तेव्हा ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं दिसतात.

कुलुपं दोन लागतात. मागच्या चाकाचं कडं सायकलबरोबर येतं, पण तेवढंच लावलं तर सायकल उचलून गाडीत टाकता येते. दुसरी जाड साखळी घ्या, ‘आ-एर-टे’ (ART) या कुलुपांच्या दर्जाच्या शिक्क्याचे दोन तारे असलेली, आणि ती फ्रेममधून घालून पक्क्या दांड्याला बांधा. नुसत्या पुढच्या चाकाला बांधलीत तर चाकच उरतं. विमा काढलात तर दोन्ही मूळ किल्ल्या जपा. चोरी झाल्यावर कंपनी त्या मागते, आणि एकच दिलीत तर भरपाई अडते. फ्रेम नंबर आणि पावतीचा फोटो फोनमध्ये ठेवा, तक्रार ऑनलाइन होते.

स्टेशनजवळ कठड्याला सायकल लावून ट्रेन पकडू नका. महापालिका ती उचलून शहराबाहेरच्या डेपोत नेते आणि सोडवायला पैसे पडतात. महापालिकेच्या राखणीच्या सायकलतळांत पहिले २४ तास फुकट असतात. सेंट्रल स्टेशनसमोर पाण्याखाली २०२३ मध्ये उघडलेल्या तळात तर ७,००० सायकली राहतात. स्टँडचा रांग-क्रमांक लक्षात ठेवा.

दिवे: पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल, आणि लुकलुकणारे नकोत, स्थिर हवेत. जाकिटाच्या वरच्या भागाला लावलेले चालतात. घंटी आणि पायडलचे पिवळे परावर्तकही सक्तीचे. फोन हातात धरणं जुलै २०१९ पासून बंद, दंड दीडशे युरोच्या वर. रस्ता बघायचाच असेल तर हँडलला होल्डर लावा. दारू पिऊन सायकल चालवली तर मोटारवाल्याचीच ०.५ प्रति हजारची मर्यादा लागू होते. पावसाला छत्री नको, पँटवर चढणारी पावसाळी पँट घ्या. साध्या सायकलला हेल्मेट सक्तीचं नाही आणि इथले लोक घालत नाहीत; तरी पहिली काही महिने ते घाला, कोण काय म्हणेल याचा विचार करू नका.

ज्या मैत्रिणींना सायकल येतच नाही, त्यांनी संकोच सोडा. मोठ्या बायकांसाठी सायकलचे वर्ग इथं चालतात. वाचनालयात किंवा ‘बुर्टहाउस’मध्ये, म्हणजे वस्तीच्या समाजघरात, चौकशी करा. शिकायला पायडल काढलेली, बुटकी सायकल घ्या. पायांनी जमीन ढकलत तोल आला की पायडल लावायची. सलवार-ओढणी किंवा गणपतीची साडी नेसून जायचं असेल तर चेनवर पूर्ण पेटी आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी कापडी-प्लास्टिकचा पडदा असलेली सायकल निवडा. पदर मात्र कमरेला खोचलेलाच बरा.

मुलांबद्दल. आठ वर्षांखालच्या मुलाला कॅरिअरवर नुसतं बसवता येत नाही, पाय आणि पाठ सांभाळणारी सीट लागते. मूल स्वतः चालवू लागलं की ते उजव्या कडेला आणि तुम्ही त्याच्या डावीकडे, अर्धं चाक मागे. डच शाळेच्या सातव्या-आठव्या गटात, म्हणजे साधारण दहा ते बारा वर्षांच्या वयात, वाहतुकीची परीक्षा असते, लेखी आणि प्रत्यक्ष. त्या वयाची डच मुलं सहा-सात वर्षं सायकलवरच असतात. आपलं मूल उशिरा आलेलं असेल तर परीक्षेचा मार्ग आधी दोन-तीन रविवारी त्याच्याबरोबर फिरून घ्या. वयात आलेल्या मुलाला जाड टायरची इलेक्ट्रिक सायकल घेऊन देण्याआधी तपासा: मोटर ताशी २५ किलोमीटरच्या वर साथ देत असेल, किंवा पायडल न मारता नुसत्या मुठीवर पळत असेल, तर कायद्यानं ती सायकल उरत नाही आणि अपघातात विमा हात वर करतो.

हे सुरक्षित रस्ते आयते मिळालेले नाहीत, हेही मुलांना सांगा. १९७१ साली या छोट्या देशात रस्त्यांवर ३,२६४ माणसं गेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले, आणि १९७५ मध्ये सायकलस्वारांची संघटना उभी राहिली, आजची ‘फीट्सर्सबोंड’. तिचं सभासद व्हा. तुमच्या चौकातली धोक्याची जागा त्यांना कळवता येते, आणि त्यांचा मार्ग शोधणारा नकाशा उत्तम आहे.

मराठी मंडळाची रविवारची फेरी काढायची असेल तर पहिली ॲमस्टर्डाम्से बोस या जंगलात काढा. बहुतेक वाटा मोटारींविना आहेत, बकऱ्यांचा मळा आहे, मुलं रमतात. आम्स्टेल नदीकाठानं आउडरकेर्कपर्यंतचा रस्ता सुंदर, पण अरुंद. मोटारीही येतात आणि रविवारी शर्यतीच्या सायकली भरधाव असतात, म्हणून तो नवख्यांना पहिल्या खेपेला नको. लांबचा मार्ग आखायला ‘क्नोपपुंट’ वापरा: गावाबाहेर सायकलवाटांच्या चौकांना क्रमांक दिलेले असतात. हवे ते क्रमांक क्रमानं कागदाच्या पट्टीवर लिहून हँडलला चिकटवा; फोन खिशातच राहतो.

गटाला रस्त्यावर खास हक्क नसतो. दोघं शेजारी चालतात, तिघं नाही. दहा-बाराच्या वर माणसं असली तर दोन गट करा, प्रत्येकाला पुढे एक आणि मागे एक जाणता. सिग्नल मध्येच लाल झाला तर उरलेल्यांनी थांबायचं. पुढच्यांनी चौक ओलांडून ट्रॅकच्या बाहेर, गवतावर उभं राहायचं. फोटोसाठी ट्रॅकवर थांबलेला गट हा इथल्या माणसाला सगळ्यात जास्त राग आणतो, आणि तो राग रास्त आहे. ट्रॅकच्या मध्ये मोटारी अडवायला खांब रोवलेले असतात. पुढच्याला ते दिसतात, मागच्याला त्याच्या पाठीमुळे दिसत नाहीत, म्हणून पुढच्यानं “खांब!” असं मोठ्यानं ओरडायचं आणि प्रत्येकानं ते मागे पोचवायचं. वेग ताशी चौदा-पंधरा किलोमीटर ठेवा, सगळ्यात हळू माणसाला सोसेल इतकाच.

पैशांच्या दोन गोष्टी. कंपनी २०२४ पासून किलोमीटरला २३ सेंटपर्यंत प्रवासखर्च करमुक्त देऊ शकते, आणि तो सायकलनं आलात तरी मिळतो, एचआरला विचारा. दुसरं, दुसऱ्याच्या नुकसानीचा घरगुती विमा, बोलीत ‘वे-आ’, महिना काही युरोत मिळतो, तो पहिल्या महिन्यातच काढा. तुमच्या हँडलनं कुणाची महाग मोटार खरवडली तर तो कामी येतो.

अपघात झालाच तर जखमी असल्यास ११२, तातडी नसल्यास पोलिसांचा ०९००-८८४४. मोटारीचा नंबर, जागा, पाट्या आणि त्रिकोण यांचे फोटो लगेच काढा. “माझीच चूक” असं घाईनं म्हणू नका, लिहून तर देऊच नका. वाहतूक कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार मोटारीची धडक सायकलला बसली तर जबाबदारी आधी मोटारमालकावर येते: चौदा वर्षांखालच्या मुलाचं नुकसान जवळजवळ नेहमी पूर्ण भरून मिळतं, मोठ्यांचं चूक असली तरी सहसा निदान निम्मं. डोक्याला मार लागला असेल आणि बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी घरच्या डॉक्टरकडे, संध्याकाळी किंवा सुट्टीला ‘हाउसआर्त्सनपोस्ट’ला, म्हणजे दवाखाना बंद असतानाच्या डॉक्टर-केंद्राला, फोन करा. आधी फोन, मग जाणं. न कळवता गेलात तर परत पाठवतात.