अर्ध्या दिवसाची कॅटमरान सफर: या चुका टाळा

किनाऱ्याकिनाऱ्याने कॅटमरानवर, म्हणजे शेजारी-शेजारी दोन हल (बोटीचा पाण्यात बसणारा भाग) असलेल्या शिडाच्या बोटीवर, अर्धा दिवस हिंडणं म्हणजे समुद्राशी ओळख करून घेण्याची फार सुंदर संधी असते. ती संधी अगदी टाळता येण्याजोग्या कारणांनी वाया गेली की खरंच वाईट वाटतं. बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: लोक बोट भाड्याच्या गाडीसारखी ठरवतात. आधी ठिकाणं, मग वेळ, आणि वाऱ्याचा विचार झालाच तर शेवटी. क्रम नेमका उलटा हवा.

चार तासांत फार काही कोंबू नका

अर्धा दिवस म्हणजे साधारण चार तास, आणि तेही धक्का सोडल्यापासून परत धक्क्याला लागेपर्यंत. बरेचदा घड्याळ ठरलेल्या वेळेला सुरू होतं, तुम्ही उशिरा पोचलात तरी. सुरुवातीची सुरक्षेची माहिती, बंदरातून हळू बाहेर पडणं, परतताना बोट बांधणं यात अर्धा-पाऊण तास जातो. पोहायला एक तास धरा. उरले अडीच तास. चांगल्या वाऱ्यात कॅटमरान सहा-सात नॉटने जाते. एक नॉट म्हणजे तासाला 1.852 किलोमीटर, म्हणजे हा वेग तासाला 11 ते 13 किलोमीटर झाला. जाऊन-येऊन हिशोब केला तर एका दिशेला पंधरा किलोमीटरच्या आसपास मजल जाते, आणि तीही सगळं मनासारखं झालं तर.

ते क्वचितच तसं होतं. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. तिला नागमोडी जावं लागतं, आणि कॅटमरान या कामात एका हलच्या बोटीपेक्षा सहसा कमीच पडते. समोरून वारा असेल तर तेच अंतर दीडपट होतं. मग हट्टाने त्याच बेटाला जायचं म्हटलं की कप्तान शीड उतरवून इंजिन लावतो आणि सगळा वेळ इंजिनाची घरघर ऐकण्यात जातो. त्यापेक्षा कप्तानाला विचारा, ‘‘आज वारा कुठून आहे? या वाऱ्यात कुठे जाणं चांगलं?’’ शक्य असेल तर जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर ठेवा. दमलेली माणसं घरी परतताना अंगावर लाटा घेत नाहीत, वेळही हाताशी राहतो.

सकाळ की दुपार?

जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे सुटतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ते सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी जोर धरतात, आणि त्यांच्यासोबत बारक्या, टोचऱ्या लाटाही उठतात. लहान मुलं, वयस्कर माणसं, पहिल्यांदाच जाणारे सोबत असतील तर सकाळ घ्या. शिडाची खरी मजा हवी असेल तर दुपार. सकाळची वेळ घेऊन ‘वाराच नव्हता’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

अंदाज अर्धवट वाचणे

आकाश निळं दिसतंय म्हणून समुद्र शांत असेल असं नाही. अंदाजात वाऱ्याचा सरासरी वेग दिसतो, झोतांचा वेगळा दिलेला असतो आणि तो पाहायचा राहून जातो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 20 नॉटचा वारा 10 नॉटच्या चौपट जोराने ढकलतो. लाटांची जी उंची सांगतात ती सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. मधूनच एखादी त्याच्या जवळपास दुप्पट येऊ शकते. उंचीशेजारी सेकंदांत दिलेला काळही बघा. एक मीटरची लाट दहा सेकंदांनी येत असेल तर बोट अलगद वर-खाली होते. तीच चार सेकंदांनी आली तर हाडं खिळखिळी होतात.

किनाऱ्यावर उभं राहून पाणी बघणंही फसवं असतं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर काठाचं पाणी तळ्यासारखं सपाट दिसतं. लाटा तयार होतात त्या बाहेर गेल्यावर.

‘कॅटमरानवर बोट लागत नाही’ हा समज

दोन हलमुळे कॅटमरान एका बाजूला फारशी कलत नाही, हे खरं. पण तिची हालचाल आखूड आणि झटक्यांची असते. समोरून लाटा येत असतील तर त्या दोन हलच्या मधल्या तळावर खालून थडाथड आपटतात. त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांना इथेही बोट लागू शकते.

गोळी घ्यायची ती निघण्याआधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही. नेहमीच्या गोळ्या साधारण तासभर आधी घेतात, कानामागे लावायची पट्टी किमान चार तास आधी. दोन्हींनी झोप येऊ शकते, म्हणून गरोदरपणात, लहान मुलांसाठी किंवा इतर औषधं चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रिकाम्या पोटी जाऊ नका, तुडुंब जेवूनही नाही.

आणि तरी कुणाला लागलंच तर? माणूस आधी गप्प होतो, जांभया देतो, चेहरा उतरतो. तेव्हाच हालचाल करा. त्याला आडवं करायला खाली केबिनमध्ये नेणं ही सर्वांत मोठी चूक आहे. तिथे क्षितिज दिसत नाही, हवा कोंदट असते, आणि पाच मिनिटांत उलटी होते. त्याला बोटीच्या मध्याजवळ, थोडं मागच्या बाजूला, मोकळ्या हवेत बसवा. नजर क्षितिजावर, फोन खिशात, पाणी घोटघोट. कप्तानाला लगेच सांगा. त्याने दिशा जराशी बदलली किंवा वेग कमी केला तरी पुष्कळ फरक पडतो. उलटी येतेय असं वाटलं तर वारा ज्या बाजूला वाहतोय त्या बाजूला जायचं आणि कुणीतरी त्याला धरून ठेवायचं.

पाण्यात घाईने उडी

बहुतेक मोठ्या कॅटमरानना दोन इंजिनं असतात, प्रत्येक हलच्या मागच्या टोकाला एक. पाण्यात उतरायची शिडीही तिथेच असते, म्हणजे प्रोपेलर पायांच्या अगदी जवळ. इंजिन बंद झालं आणि कप्तानाने ‘‘आता उतरा’’ म्हटलं की मगच उतरायचं.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. बोट नांगरलेली असते, तुम्ही नसता. उतरण्यापूर्वी पाण्यावरचा फेस किंवा एखादं पान कुठे वाहतंय ते मिनिटभर बघा. पोहायला सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध करा, म्हणजे दमल्यावर पाणीच बोटीकडे आणून सोडेल. बोटीमागे तरंगता दोर सोडायला सांगा. तरीही वाहत गेलात तर बोटीकडे जीव तोडून हात मारू नका. उताणे तरंगा, एक हात वर करा, बोट तुमच्याकडे येईल. चालत्या बोटीवरून कुणी पडलं तर जोरात ओरडा, तरंगणारं काहीही फेका, आणि एकाने हाताने दिशा दाखवत नजर त्या डोक्यावरून क्षणभरही हटवायची नाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं फार पटकन दिसेनासं होतं.

मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, हे बुकिंग करतानाच विचारा. मोठ्यांचं जॅकेट आवळून चालत नाही, ते पाण्यात डोक्यावरून निसटतं.

सामान आणि संडास

पुढे दोन हलच्या मध्ये ताणलेल्या जाळीवर पहुडायला सगळेच धावतात. जाळीच्या भोकांतून किल्ल्या, अंगठ्या, चष्मे सरळ समुद्रात जातात, म्हणून खिसे आधी रिकामे करा. चाकांची बॅग नको, मऊ पिशवी आणा. सनस्क्रीन निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. स्प्रे मात्र नको, त्याने डेक निसरडा होतो. प्रवाळ असलेल्या भागात जाणार असाल तर झिंक ऑक्साइडचं घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईत 2021 पासून बंदी आहे ती प्रवाळांसाठीच.

बोटीच्या संडासाचे पाइप अगदी अरुंद असतात. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड टाकले की तो तुंबतो. तुंबलाच तर पंप जोराने मारत राहू नका, खलाशाला सांगा.

पैसे भरण्याआधी

बोट फक्त तुमचीच की इतरांसोबत, कप्तान धरून की बोट नुसती, इंधन आणि बंदराचं शुल्क कशात धरलंय, माणसं किती चालतील, हे लेखी घ्या. अनेक देशांत बारा प्रवाशांच्या पुढे वेगळे, कडक नियम लागू होतात, तेव्हा ‘एकाने काय होतंय’ म्हणून तेरावा माणूस धक्क्यावर आणू नका. हवामानामुळे सफर रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, आणि अर्ध्यातून परतावं लागलं तर काय, हेही त्यात हवं. तो निर्णय कप्तानाचा असतो. तो नको म्हणत असताना जास्त पैसे देऊन निघण्याचा आग्रह करू नका, आणि अशा आग्रहाला बधणाऱ्या कप्तानाच्या बोटीत तर मुळीच बसू नका.