पोराला नाटकात घेतलंय? नाशिकच्या आईबाबांसाठी थोडं

अभिनंदन वगैरे ठीक, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हौशी नाटकात लहान मुलाचं निम्म्याहून जास्त काम म्हणजे थांबणं. भूमिका दहा मिनिटांची, बाकी वेळ विंगेत (स्टेजच्या बाजूला, पडद्याआड), ग्रीनरूममध्ये नाहीतर तालमीच्या हॉलच्या कोपऱ्यात. मी लहानपणी इथल्याच ग्रुपांमधून कामं केली, आता बॅकस्टेजला असतो आणि पोरं सांभाळायचं काम हमखास माझ्याच गळ्यात येतं, त्यामुळे सांगतो, पोरं अभिनय निभावून नेतात, कंटाळ्याने मात्र पार ढेपाळतात.

पाठांतर घरी घ्या, पण सपाट. सूर आणि हातवारे प्लीज शिकवू नका. घरी बाबा वक्तृत्व स्पर्धेसारखा ठेका बसवून देतात आणि मग तो काढण्यातच दिग्दर्शकाच्या अर्ध्या तालमी जातात. स्वतःच्या वाक्याबरोबर समोरच्याच्या वाक्याची शेपटीपण पाठ हवी, तोच क्यू, म्हणजे आपलं वाक्य सुरू करायची खूण. म्हणजे आजोबांचं "दिवा कोणी विझवला?" पूर्ण झालं की मगच तोंड उघडायचं. अजून एक गंमत, पोरांना सगळ्या नाटकाचीच वाक्यं पाठ होतात, मग दुसरा बोलत असला की यांचे ओठ हलतात आणि पहिल्या रांगेतून ते स्पष्ट दिसतं. "ओठ हलवू नकोस" म्हणालात तर पोरगं ओठ आवळून पुतळ्यासारखं उभं राहील. त्यापेक्षा दिग्दर्शकाला सांगून त्या वेळी हाताला काम मागून घ्या, दप्तर आवरणं, बुटाची नाडी बांधणं, काहीही.

तालमी रात्रीच असतात, कारण मंडळी सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून सुटून येणार, आठची तालीम नऊला सुरू झाली तरी नशीब. आज कुठला प्रवेश घेणार ते दुपारीच विचारून ठेवा, पोराचा नसेल तर सरळ घरी ठेवा, लाजू नका. थंडीत स्वेटर, कानटोपी, गृहपाठाची वही. सिनेमा-मालिकांसाठी 2017 पासून नियम आहे, मुलांचं काम दिवसाला 5 तासांच्या वर नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांच्या वर नाही आणि 5 मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस. हौशी ग्रुपकडे कोणी घड्याळ घेऊन येणार नाही, पण तुम्ही हेच माप धरा की.

आता थिएटर. तालमीचा हॉल छोटा असतो आणि प्रयोग कालिदास कलामंदिराच्या मोठ्या स्टेजवर लागला तर सगळी पावलं बदलतात, दारापासून खुर्चीपर्यंत चार पावलं होती ती तिथे आठ होतात, पोरगं मध्येच थांबून वाक्य म्हणतं आणि लाईटच्या बाहेर राहतं. साईखेडकर नाट्यगृहात एवढं अंतर पडत नाही. म्हणून प्रयोगाच्या दिवशी लवकर जा (शालिमारचं पार्किंग धरून लवकर), पोराला एंट्रीपासून एक्झिटपर्यंत चालून घ्यायला सांगा, मग लाईट बंद करवून परत एकदा, कारण ब्लॅकआउटमध्ये बाहेर पडताना पोरं नेपथ्याला धडकतात. स्टेजवर चिकटवलेल्या टेपच्या खुणा दाखवून ठेवा. विंगेचा नियम एकच, तुला प्रेक्षक दिसतायत म्हणजे तू त्यांना दिसतोयस. आणि विंगेत कुजबूजसुद्धा नको, माईक ओढतो.

आजी कुठे बसणार ते पोराला अजिबात सांगू नका, नाहीतर एंट्रीलाच नजर तिकडे जाणार आणि हात हलणार. घरच्यांना फ्लॅश बंद ठेवायला सांगा. प्रयोगाआधी मिसळ नाही, हलकं काहीतरी द्या, पोळी-भाजी, केळं. पहिल्या घंटेलाच बाथरूमला पाठवा, तिसरी घंटा झाल्यावर हमखास लागते. आणि वाक्य विसरलं तर काय करायचं हे आधीच ठरवून द्या. विंगेकडे बघायचं नाही, समोरच्या नटाकडे बघत राहायचं, मोठा माणूस सांभाळून घेतो, त्याला सवय असते.

संपल्यावर मेकअप खोबरेल तेलाने पुसा, साबणाने घासू नका. कपडे, पिना, टोपी कपडेपटवाल्याच्या हातात मोजून द्या. कुठे चुकलं हे गाडीत काढू नका, ते दिग्दर्शक पुढच्या तालमीला सांगेल आणि पोराला बहुतेक ते तुमच्याआधीच कळलेलं असतं.