भातखाचरासाठी जुना ट्रॅक्टर घेताना

मुरबाड-शहापूरकडची लहान खाचरं, अरुंद बांध. इथे ५० एचपीचं धूड वळवतानाच जीव जातो. २५ एचपीच्या आसपासचा पुरतो. आयशर २४२ एक सिलिंडरचा, डिझेल कमी पितो. एचएमटी २५११ दणकट, पण एचएमटीचा हरियाणातल्या पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला. स्पेअर कुठे मिळतील ते आधी विचारा.

बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर संशय घ्या. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढा: आतून धुराचे जोरदार भपकारे आले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. मग रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा. तो लगेच खाली बसला तर हायड्रॉलिकचा खर्च किमतीतून वजा करा. रंग नवा असेल तर भुलू नका. आरसी बुकावर बँकेचा बोजा नाही ना, तेही बघा.